नेटवर किती तास गेले ते नंतर, आधी फोन किती वेळा उघडला ते मोजा

पूर्वी आपण ‘नेटवर बसलोय’ असं म्हणायचो, आठवतंय? मोडेम किरकिरायचा, कनेक्शन लागेपर्यंत वाट बघायची, नेट चालू असेपर्यंत घरातला फोन एंगेज, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी विचारायचं, झालं का तुझं, मला फोन लावायचाय. ५६ केबीपीएसच्या लाइनवर एखादा फोटो वरून खाली पट्टी पट्टीने उतरायचा आणि तो पूर्ण उतरेपर्यंत आपण बघत राहायचो. हळू होतं, वैताग होता, पण बसायची एक वेळ होती आणि उठायची एक वेळ होती. आता कुणी ‘नेटवर बसलोय’ म्हणत नाही. फोन हाताशी, नेट सतत चालू, आणि दिवसभरात आपण कितीदा आत गेलो नि बाहेर आलो हे आपलं आपल्यालाच सांगता येत नाही.

म्हणून आपला नेटचा वेळ नीट कसा मोजायचा आणि मोजून झाल्यावर नेमकं काय बदलायचं ते लिहितेय. मी हे दोनदा चुकीच्या पद्धतीने केलं, म्हणजे नुसते तास बघितले, आकडा बघून वाईट वाटलं, दोन दिवस फोन लांब ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. तिसऱ्यांदा तासांकडे बघणंच सोडलं आणि फोन किती वेळा उघडला आणि कशासाठी उघडला एवढंच लिहून ठेवलं, तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं.

आधी थोडं मोठं चित्र बघू, कारण बातम्यांमधले आकडे आपण स्वतःला लावून बघतो आणि तिथेच गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या हिशोबात २००५ मध्ये जगातली साधारण १६ टक्के माणसं नेट वापरत होती, २०१८ च्या शेवटी निम्म्याहून जास्त झाली आणि २०२४ च्या अहवालात आकडा ५५० कोटींवर गेला, म्हणजे ६८ टक्के, तेव्हाही २६० कोटी माणसं बाहेरच होती. पण यात मोजलं काय जातं ते बघा. गेल्या तीन महिन्यांत एकदा जरी नेट वापरलं तरी तो माणूस ‘वापरणारा’. म्हणजे तीन महिन्यांतून एक फॉर्म भरायला नेट उघडणारा आणि डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत फोन हातात असणारा, दोघं यादीत सारखेच. हा आकडा नेट कुठवर पोचलं ते सांगतो, कुणाचा किती वेळ खाल्ला ते सांगत नाही.

वेळेसाठी दुसरा आकडा फिरतो. जगभरातल्या नेट वापराचे आकडे गोळा करणाऱ्या डेटारिपोर्टलच्या २०२४ च्या अहवालात १६ ते ६४ वयाच्या नेट वापरणाऱ्यांची रोजची सरासरी ६ तास ४० मिनिटं दिलीय. ऐकायला भयानक वाटतं, पण दहाएक वर्षांपूर्वीही याच मालिकेत ही सरासरी सहा तासांच्या थोडी वरच होती, म्हणजे माणशी वेळ त्या मानाने फार वाढला नाही. माणसं वाढली, आणि वेळ कॉम्प्युटरवरून फोनवर सरकला, आता निम्म्याहून जास्त वेळ फोनवरचा असतो. माझ्या मते खरा बदल इथे आहे. कॉम्प्युटरवरचे सहा तास म्हणजे दोन-तीन लांब बैठका आणि फोनवरचे सहा तास म्हणजे शंभर तुकडे. बेरीज तीच आली तरी दिवस तो राहत नाही.

अजून एक, ही सरासरी लोकांना विचारून काढलेली आहे, आणि लोकांना स्वतःचा वेळ सांगता येत नाही. २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या शोधपत्रिकेत अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात लोकांनी सांगितलेला वेळ आणि फोनने नोंदवलेला वेळ यांचा मेळ जेमतेमच लागला. कुणी जास्त सांगतं, कुणी कमी. तुमचंही तेच होणार.

तर सुरुवात अंदाजापासून करा. फोन न बघता कागदावर तीन गोष्टी लिहा: काल एकूण किती वेळ फोनवर गेला, काल फोन किती वेळा उघडला, आणि सगळ्यात जास्त वेळ कुठल्या ॲपवर गेला. कागद जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग फोनमधली नोंद उघडा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं, आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन टाइम’. दोन्ही २०१८ पासून आहेत, वेगळं ॲप टाकायची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर टाकूही नका, कारण आपण कधी काय उघडतो ही माहिती अजून एका कंपनीला कशाला द्यायची. अँड्रॉइडवर आत गेलात की गोल दिसतो, त्याच्या खाली अनलॉक किती वेळा केला आणि नोटिफिकेशन किती आली ते असतं, आणि गोलावर टॅप केलं की प्रत्येक ॲप कितीदा उघडलं तेही निघतं. आयफोनवर ‘सी ऑल ॲप अँड वेबसाइट ॲक्टिव्हिटी’मध्ये जाऊन खाली या, तिथे ‘पिकअप्स’ आहे आणि त्याच्याखाली ‘फर्स्ट यूज्ड आफ्टर पिकअप’ म्हणजे फोन उचलल्यावर पहिल्यांदा काय उघडलं त्याची यादी. लोक वरचा तासांचा आलेख बघून बाहेर पडतात, ही खालची यादी कुणी बघत नाही आणि कामाची तीच आहे.

या नोंदीत काय खोटं निघू शकतं तेही माहीत असू दे. स्क्रीन चालू म्हणजे वेळ चालू, म्हणून दोन तास नकाशा लावून गाडी चालवली तर ते दोन तास तुमच्या नावावर. डाउनलोड केलेलं पुस्तक वाचलं, कॅल्क्युलेटर वापरला, तरी स्क्रीन टाइम वाढतो आणि नेटचा त्याच्याशी काही संबंध नसतो. उलट स्क्रीन बंद करून तासभर गाणी ऐकलीत तर नेट चाललं पण वेळ धरला जात नाही. लॅपटॉपचा वेळ वेगळा राहतो. फोन घरात एकाहून जास्त जण वापरत असतील तर सगळा हिशोब एकत्र. आणि डेटा किती संपला त्यावरून वेळ काढायला जाऊ नका, एचडी व्हिडिओचा एक तास दोन-तीन जीबी खाऊ शकतो आणि मेसेज टाइप करण्यात घालवलेला तास त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आता सात दिवस काहीही बदलायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण मोजायला लागलं की हात आपोआप आखडतो. पहिल्या दोन दिवसांचे आकडे सोडून द्या, तिसऱ्या दिवसापासून आपण परत आपल्यासारखे वागायला लागतो. या आठवड्यात दोन दिवस निवडा, एक कामाचा आणि एक सुट्टीचा, आणि त्या दोन दिवशी वही जवळ ठेवा. कागदाचीच वही घ्या, फोनमधल्या नोट्समध्ये लिहायला गेलात तर लिहिण्यासाठीच फोन परत उघडणार. एका ओळीत तीनच गोष्टी: किती वाजता उचलला, कशासाठी उचलला, आणि ठेवला तेव्हा किती वाजले होते. मधे काय काय बघितलं ते लिहायची गरज नाही, पण ठेवताना समोर काय उघडं होतं ते लिहिलंत तर फार बरं.

माझ्या वहीतली एक ओळ सांगते. बुधवार, रात्री १०.४०, अलार्म लावायला उचलला. ठेवला ११.५२ ला. समोर उघडं होतं ते एका अनोळखी माणसाच्या घराच्या दुरुस्तीचा व्हिडिओ, भिंत फोडून खिडकी मोठी करत होता. आणि अलार्म लावलेलाच नव्हता, ते सकाळी उशीर झाल्यावर कळलं. मधल्या ७२ मिनिटांत काय झालं ते मी नंतर आठवून आठवून काढलं: फोन उचलला तेव्हा वर एक नोटिफिकेशन दिसत होतं की अमक्याने तुमच्या ओळखीच्या कुणाच्या तरी फोटोवर काहीतरी लिहिलंय, ते उघडलं, तिथून खाली गेले, एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला, तो संपला की दुसरा. यातली एकही गोष्ट बघायची असं मी ठरवलं नव्हतं. स्क्रीन टाइममध्ये ती ७२ मिनिटं ‘सोशल’ म्हणून जमा झाली, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलले तो तासही त्याच खान्यात. फोनच्या लेखी दोन्ही सारखं.

वही भरली की रविवारी निवांत बसून प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. ‘क’ म्हणजे कामासाठी किंवा मनात काहीतरी ठरवून उचलला, कॉल करायला, रस्ता बघायला, पैसे पाठवायला, ठरवलेला सिनेमा बघायलासुद्धा. ‘ब’ म्हणजे बोलावणं आलं, टिंग वाजलं किंवा स्क्रीन उजळली म्हणून. ‘ह’ म्हणजे हात गेला, कारणच नाही, लिफ्टची वाट बघताना, वाक्य सुचत नव्हतं म्हणून, पाणी गरम होईपर्यंत. प्रामाणिकपणे लिहा, कुणी बघणार नाहीये. ‘क’ने सुरू होऊन भलतीकडे संपलेल्या ओळींना खाली रेघ मारा, माझ्या अलार्मसारख्या. माझ्या कामाच्या दिवसाच्या पानावर ६१ ओळी झाल्या, त्यातल्या ‘क’ फक्त १७, आणि त्या १७ पैकी ८ खाली रेघ मारलेल्या. तासांच्या आकड्याने मला कधीच हे सांगितलं नसतं.

या रेघा का पडतात ते समजून घेतलं की स्वतःला दोष देणं कमी होतं, आणि ते कमी झालं पाहिजे, कारण हा सगळा इच्छाशक्तीचा मामला नाहीये. वेबपानाच्या तळाशी पूर्वी ‘पुढचं पान’ असं बटण असायचं, तिथे क्षणभर का होईना आपण थांबायचो आणि अजून बघायचं का असं ठरवायचो. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने तळच नसलेलं पान बनवलं, खाली जाल तसं नवीन येत राहणारं, आणि पुढे त्यानेच याबद्दल जाहीरपणे खंत बोलून दाखवली. व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं हाही तोच प्रकार, थांबायची जागा काढून टाकायची. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ सुचवताना किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ बघितलं याला वजन द्यायला सुरुवात केली. जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीसाठी तुमचा प्रत्येक मिनिट म्हणजे विकायला मिळालेली जागा, त्यामुळे थांबायची सोय ती कशाला करून देईल? ती आपली आपणच करून घ्यायची.

आता बदल. तिन्ही अक्षरांना औषध वेगळं आहे आणि सगळ्यांना एकच औषध दिलं म्हणूनच आधी दोनदा माझं फसलं.

‘ब’ सगळ्यात सोपं, अर्ध्या तासात निपटतं आणि फरक लगेच दिसतो. एकच नियम धरा: माणसाने मला उद्देशून पाठवलेलं राहू दे, मशीनने पाठवलेलं बंद. कॉल, घरच्यांचे मेसेज, बँकेचे व्यवहार, डॉक्टरची अपॉइंटमेंट चालू. ‘तुम्हाला हे आवडेल’, ‘अमुक लाइव्ह आहे’, ‘तुम्ही बरेच दिवस आला नाहीत’, ऑफर, गेममधलं बक्षीस, हे सगळं बंद. ॲपची नोटिफिकेशन सरसकट बंद करायची गरज नाही, अँड्रॉइडवर आलेलं नोटिफिकेशन दाबून धरलं की त्याच्या सेटिंगमध्ये जाता येतं आणि बऱ्याच ॲपमध्ये तो एकच प्रकार बंद करता येतो. आयफोनवर ‘शेड्यूल्ड समरी’ आहे, तुम्ही निवडलेल्या ॲपची तातडीची नसलेली नोटिफिकेशन ठरलेल्या वेळी एकगठ्ठा येतात, ते लावून टाका. ग्रुप म्यूट करा, सोडायची गरज नाही, कुणाला वाईट वाटत नाही आणि आपण दिवसातून एकदा जाऊन वाचतोच. ॲपच्या चित्रावरचा लाल आकडाही बंद करा, तो आवाज करत नाही पण बोलावतो.

एवढं का, तर प्रत्येक बोलावण्याची किंमत ते बघायला लागलेल्या दहा सेकंदांएवढी नसते. ग्लोरिया मार्क या संशोधिका वर्षानुवर्षं माणसं स्क्रीनवर काम कशी करतात ते मोजतायत. २००४ च्या आसपास त्यांना एका स्क्रीनवर लक्ष सरासरी अडीच मिनिटं टिकताना दिसलं होतं, अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांपर्यंत खाली आलं. माझ्याच वहीत बघा, ज्या तासात ‘ब’ जास्त त्याच तासात ‘ह’ पण जास्त. एकदा बाहेरून कुणी तोडलं की मग आपणच स्वतःला तोडत राहतो.

‘ह’ला वेळ लागतो. इथे लोक ॲपवर टायमर लावतात, ३० मिनिटं झाली की ॲप बंद. मला ते फारसं पटलं नाही. वेळ संपला की स्क्रीनवर येतं आणि खालीच ‘इग्नोर लिमिट’ असतं, दोन-तीन दिवसांत बोट स्वतःहून तिथे जायला लागतं, आणि एकदा ते अंगवळणी पडलं की टायमर असून नसल्यासारखा. पासकोड दुसऱ्या कुणाकडून टाकून घेतलात, बहिणीकडून, रूममेटकडून, तर चालतं, कारण मग अजून वेळ हवा असेल तर तोंडाने मागावा लागतो. माझा जास्त भरवसा रस्ता लांब करण्यावर आहे. ज्या ॲपपुढे ‘ह’ सगळ्यात जास्त आलाय ते पहिल्या स्क्रीनवरून काढा, फोल्डरमध्ये नको, शोधून काढावं लागेल असं ठेवा. दरवेळी वापरून झालं की लॉगआउट करा, पासवर्ड टाकायचा कंटाळा फार उपयोगी पडतो. ॲपच काढून तेच ब्राउझरमध्ये उघडलं तर अजून बरं. ऑटोप्ले बंद करा, तो प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये वेगळा शोधावा लागतो आणि सापडला तर जरूर बंद करा. स्क्रीन काळी-पांढरी करून बघा, मला आठवडाभर उपयोग झाला, मग सवय झाली, काहींना जास्त दिवस उपयोग होतो.

आणि फोन रात्री खोलीबाहेर. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा. मी आणलं, त्यानंतर १०.४० सारखी ओळ वहीत परत आली नाही, कारण रात्री फोन उचलायचं शेवटचं खरं कारणच गेलं.

‘क’ला हात लावायचा नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण तासांचा आकडा कमी करायच्या भरात माणूस नेमकं हेच कापतो. लांब असलेल्या मैत्रिणीशी कॉल, ऑनलाइन क्लास, दोन तास बसून काहीतरी नीट शोधून वाचणं, हे लांब असतं, डोळ्यात भरतं, आणि कापायला सोपं जातं. तीस सेकंदांचे ऐंशी तुकडे दिसत नाहीत. रेघ मारलेल्या ‘क’साठी मात्र एक सवय लावा: फोन उघडायच्या आधी काय करायचंय ते मनात म्हणा, शक्यतो पुटपुटा, ‘अलार्म’, ‘पिनकोड’, ‘दादाला उत्तर’. पहिले काही दिवस विचित्र वाटतं. पण ते झालं की फोन ठेवायचा कधी हे कळतं, नाहीतर काम झालंय हेच लक्षात येत नाही.

घरात लहान मूल असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेलं मार्गदर्शन बघा: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नाही, आणि कमी तितकं चांगलं. तिथे तासच मोजायचे, कारण ‘कशासाठी उघडलं’ हा प्रश्न मुलाला विचारून उपयोग नाही, तो फोन कुणीतरी मोठ्याने हातात दिलेला असतो.

आणि घरातलं कुणी मोठं माणूस आत्ता कुठे पहिल्यांदा स्वतःचा फोन घेतंय, आजी, काका, कुणीही, तर फोन लावून देताना त्यांच्याशेजारी तासभर बसा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जे नव्याने नेटवर येतायत त्यांच्या हातात फोन येतो तोच बरंचसं चालू असलेला, आणि ॲप उघडलं की ‘अलाउ’ विचारतं, ते बिचारे होय म्हणत जातात, त्यांना वाटतं नाही म्हटलं तर फोन बिघडेल. प्रत्येक ॲप टाकताना त्यांनाच विचारा, हे वाजलेलं तुम्हाला हवंय का? स्वतःच परस्पर ठरवू नका. माझ्या मावशीने नातवंडांच्या फोटोंचं नोटिफिकेशन चालू ठेवलं आणि बाकी सगळं बंद करायला लावलं, आणि मला ते बरोबर वाटलं.

तीन आठवडे गेले की परत तेच दोन वार निवडा आणि वही काढा. तास फारसे कमी झालेले दिसणार नाहीत, माझे नाही झाले, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं फक्त. पण ६१ ओळींच्या ३४ झाल्या आणि रेघ मारलेल्या ‘क’ आठावरून दोनवर आल्या. पहिल्या दिवशीचा अंदाजाचा कागद शेजारी ठेवा, त्यात ‘किती वेळा’पुढे काय लिहिलं होतं ते बघा, माझ्या कागदावर २० होते.

मग महिन्यातून एकदा नोटिफिकेशनची पूर्ण यादी वरून खालपर्यंत बघून घ्यायची, कारण ॲप अपडेट झालं की नवीन प्रकार येतात आणि ते चालूच येतात. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी बघते, दहा मिनिटं लागतात, आणि दरवेळी दोन-तीन तरी बंद करावे लागतातच.